गोळीही हवी, पथ्यही हवं

“बीपीची गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही.” हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिलेली असते आणि घरी आल्यावर ठरतं, की आधी मीठ कमी करू, सकाळी उपाशीपोटी लसूण खाऊन बघू, फिरायला जाऊ. गोळीचं नंतर पाहू. पहिले काही दिवस उत्साहात जातात. मग पाऊस लागतो, फिरणं थांबतं, पाहुणे येतात, पापड तळले जातात आणि चिठ्ठी कपाटातच राहते. उलट, गोळी इमानेइतबारे घेणारी आणि तिच्या भरवशावर रोज फरसाण खाणारी माणसंही कमी नाहीत. वरवर पाहता ही दोन तऱ्हेची माणसं, पण दोघांचा समज एकच: गोळी आणि पथ्य यांतलं कोणतं तरी एक पुरतं.

औषधं नव्हती तेव्हा नुसत्या पथ्याची मजल कुठवर जात होती, याची नोंद इतिहासात आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तीव्र उच्च रक्तदाब होता. त्यांना विश्रांती दिली, मीठ तोडलं, सिगारेट कमी केल्या. दाब चढतच गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा डॉक्टरांनी मोजलेला आकडा ३००/१९० होता. हाताशी सगळं काही असलेल्या माणसाला देण्यासारखी एक परिणामकारक गोळी त्या वेळी जगात नव्हती.

ती गोळी मिळण्याच्या वाटेवर मुंबईचं मोठं काम आहे, आणि त्याचा आपल्याला विसर पडलाय याचं वाईट वाटतं. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे सर्पदंशावर, मनोविकारांवर, झोपेसाठी शतकानुशतकं वापरात होती. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन तिचा परिणाम काटेकोरपणे मोजला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष या झाडाकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या मुळांतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं केलं आणि रक्तदाबावरच्या सुरुवातीच्या प्रभावी औषधांत ते जाऊन बसलं. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे त्याच केईएममध्ये डॉ. के. के. दाते यांनी शवासन हा उपचार म्हणून तपासला. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेकांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. अभ्यास लहान होता आणि आजच्या कसोट्यांना तो पुरता उतरणार नाही, पण मला त्यातली वृत्ती महत्त्वाची वाटते. एकाच रुग्णालयात एका डॉक्टरने झाडातलं औषध मोजून पाहिलं, दुसऱ्याने आसन मोजून पाहिलं. दोघांनीही परंपरेतलं काहीतरी घेतलं आणि दोघांनीही पट्टा बांधून आकडा लिहून ठेवला. दाते यांच्या रुग्णांत गोळ्या चालू असलेलेही होते, त्यांना गोळ्या फेकून आसन करायला कुणी सांगितलं नव्हतं.

आता थोडा हिशेब मांडू. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर आपल्याकडे उच्च रक्तदाबाचं निदान होतं. वरचा आकडा हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर टाकतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. मीठ नीट कमी केलं तर उच्च रक्तदाबाच्या माणसात वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरतो. नियमित चालण्या-पळण्यानेही साधारण तेवढाच, कधी थोडा अधिक. वजन एक किलोने घटलं की सुमारे एक अंक. एका औषधाच्या नेहमीच्या मात्रेने आठ-दहा अंक. हे सगळे सरासरीचे आकडे आहेत, माणसागणिक ते बदलतात. तरी त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते: मनापासून पाळलेलं पथ्य एका गोळीच्या तोडीचं आहे. ज्याचा दाब १४४ आहे त्याला कदाचित तेवढ्यावर काही काळ निभावता येईल, आणि तसं डॉक्टर स्वतःच सुचवतात. ज्याचा १७८ आहे त्याने कितीही लसूण खाल्ला तरी हे अंतर कापलं जाणार नाही. लसणाने दाब किंचित उतरतो असं काही प्रयोगांत दिसलं आहे. तो जेवणात जरूर असावा, पण गोळीच्या जागी नव्हे.

हे अंक उतरवायचे कशासाठी? वरचा आकडा दहाने खाली आला की अर्धांगवायूचा धोका सुमारे पाव भागाने घटतो. हृदयविकार, हृदय निकामी होणं यांचाही धोका कमी होतो. मूत्रपिंडं आणि डोळ्यांचा पडदा यांच्या बारीक रक्तवाहिन्यांना दाबाची झळ वर्षानुवर्षं लागत असते आणि त्या काळात बहुतेकांना काहीही जाणवत नाही. “माझं डोकं दुखत नाही, मला कसलं बीपी?” या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच मोजल्याशिवाय देता येत नाही.

आणि मोजण्यातच आपण सर्वात जास्त घाई करतो. जिने चढून आलेला माणूस टेकत नाही तोच शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधला जातो, तो बोलत असतो, हात लोंबकळत असतो. हा आकडा काही कामाचा नाही. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी किंवा पायावर पाय न घालता पाच मिनिटं शांत बसावं. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीवर, हात टेबलावर टेकलेला. मोजताना गप्प राहावं. नुसत्या बोलण्याने आकडा वर जातो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तरी आकडा फुगतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावं आणि तारखेसह वहीत लिहावं. घरासाठी यंत्र घ्यायचं तर दंडाचं घ्यावं, मनगटाचं टाळावं. दवाखान्यात धास्तीने ज्यांचा दाब चढतो त्यांचं खरं चित्र घरच्या नोंदींतच दिसतं, आणि दवाखान्यात बरा दिसणारा पण एरवी चढलेला दाबही तिथेच पकडला जातो. घरी मोजताना १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यापेक्षा थोडी खाली. मात्र दिवसातून दहादा मोजू नये. त्या काळजीनेच आकडा वाढतो.

आता मिठाकडे येऊ, कारण आपल्या घरातली खरी झुंज तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, आणि त्यात सगळ्या पदार्थांतलं मीठ आलं. जास्तीचं सोडियम बाहेर टाकताना मूत्रपिंडं मागे पडली की शरीर पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांतल्या रक्ताचं आकारमान वाढतं, आणि कालांतराने वाहिन्याही ताठरतात. मिठाने सगळ्यांचा दाब सारखाच वाढत नाही. वय वाढलेल्यांत, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत तो जास्त वाढतो.

घरात किती मीठ खपतं हे कळायला एक सोपी युक्ती आहे. एक किलोची मिठाची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात, प्रत्येकी पाच ग्रॅम धरले, तर ती पन्नास दिवस पुरायला हवी. त्यात पाव, खारी, बिस्किटं, फरसाण, विकतचं लोणचं यांतून वेगळं मीठ पोटात जातच असतं, म्हणजे खरं तर पिशवी दोन महिन्यांपलीकडे जायला हवी. लोणची घालायचं मीठ अर्थातच वेगळं मोजायचं. तारखा बघा, आणि मग ठरवा की आपण “फार मीठ खात नाही” हे कितपत खरं आहे.

आपल्या ताटाची रचनाच अशी, की डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, पापड. यातलं लिंबू तेवढं ठेवावं. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार असतो. ढोकळ्यात, भज्यांत खाण्याचा सोडा असतो. दोन्हींत सोडियम आहे, आणि त्यांची चव खारट नसल्याने ते लक्षात येत नाही. पोट जड झालं की पाण्यात फसफसवून घ्यायच्या पुड्यांमध्येही तेच. कोकणातला खारा बांगडा, वाळवलेली सुकट, देशावरच्या खारवलेल्या मिरच्या, कुरडया, सांडगे हे सगळं आपलं प्रेमाचं खाणं आहे आणि त्याची पूर्ण बंदी कुणी पाळत नाही, पाळायचीही गरज नाही. रोजच्या ताटातून काढून ते सणावाराला आणा, एवढंच. पोळीच्या कणकेत, भातात, ताकात मीठ घातलं नाही तर पंधरा-वीस दिवस जेवण अळणी लागेल. नंतर जीभ सरावते, आणि मग हॉटेलातली आमटी खारट लागू लागते.

“आम्ही सैंधव वापरतो, ते चालतं,” असंही सांगितलं जातं. सैंधव असो, काळं मीठ असो की जाडं मीठ, त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. दाबाच्या दृष्टीने फरक नाही. उलट घरात नुसतं सैंधव वापरलं तर आयोडीन मिळत नाही. खरा फरक पडतो तो सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेल्या मिठाने. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा प्रयोग आहे. पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड वापरलेल्या गावांत अर्धांगवायूचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडेही ‘लो सोडियम’ मीठ दुकानात मिळतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते आणू नका. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडते आणि ते जिवावर बेतू शकतं.

पोटॅशियम अन्नातूनही मिळतं आणि निरोगी मूत्रपिंडं असलेल्यांना तोच उत्तम मार्ग आहे: पालेभाज्या, केळी, मटकी-मुगाची उसळ, शहाळं, रताळं. अमेरिकेत १९९७ मध्ये ‘डॅश’ नावाचा आहारप्रयोग प्रसिद्ध झाला. भाज्या, फळं, डाळी, कमी चरबीचं दूध-दही, अखंड धान्य असा आहार आठ आठवडे दिल्यावर उच्च रक्तदाबाच्या गटात वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला, आणि तोही वजन किंवा मीठ न बदलता. त्यांची यादी वाचताना मला ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, उसळ, काकडीची कोशिंबीर आणि बिनमिठाचं ताक असंच ताट दिसतं. परदेशी पदार्थ विकत आणायची काही गरज नाही.

चालण्याबद्दल लांबण लावत नाही. आठवड्यात दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. पावसाळ्यात घरात, जिन्यात, बंद सभागृहात. दारू जितकी कमी तितकं बरं. तंबाखूला मात्र सूट नाही, आणि त्यात मिश्रीही आली. गावाकडे कितीतरी बायका दिवसातून अनेकदा मिश्री लावतात आणि “मी तंबाखू खात नाही” असं डॉक्टरांना सांगतात. मोठ्याने घोरणारा, रात्री श्वास अडकून दचकून उठणारा, दिवसा पेंगणारा माणूस असेल तर त्याची झोपेची तपासणी करून घ्यायला हवी. झोपेत श्वास अडण्याचा हा विकार राहिला तर औषधं देऊनही दाब हटत नाही.

घरातल्या औषधांच्या डब्याकडेही एकदा बघा. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या रोज घेतल्या तर दाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनी दाब वाढतो. स्टिरॉइडने वाढतो. घशासाठी म्हणून रोज चघळलेल्या ज्येष्ठमधानेही वाढतो, कारण त्यातलं द्रव्य शरीरात सोडियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटवतं. आणि ज्या सर्पगंधेने जगाला वाट दाखवली तिची पूड स्वतःच्या मनाने घेऊ नये. रेसरपिनने नाक चोंदतं, सुस्ती येते, मन खिन्न होऊ शकतं. म्हणूनच अधिक सोसवणारी औषधं आली तशी ती मागे पडली.

आता गोळीकडे. ती जन्मभर घ्यावी लागते हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे, पण त्याचं कारण गोळीची सवय लागणं हे नव्हे. दाब वाढवणारी शरीरातली कारणं जन्मभर राहतात. गोळी थांबवली की दाब पूर्वपदावर येतो. काही औषधं एकदम तोडली तर तो उसळतोही. “बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली” हे मला सर्वात घातक वाक्य वाटतं, कारण ते नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं. वजन घटलं, मीठ सुटलं, चालणं अंगवळणी पडलं तर मात्रा कमी होऊ शकते, क्वचित गोळी सुटतेही. पण ते डॉक्टरांनी वहीतले आकडे बघून ठरवायचं. दोन गोळ्या दिल्या म्हणजे आजार बळावला, असंही नाही. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दोन औषधं थोडी थोडी दिली तर दाब जास्त उतरतो आणि त्रास कमी होतो.

त्रास होतो हेही खरं. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागतो. अशा वेळी गुपचूप गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावं, दुसरी गोळी मिळते. जुलाब-उलट्या चालू असतील, उठताना भोवळ येत असेल, तरी विचारावं. आणि उपवासाच्या दिवशी पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडत नाही, हे घरातल्या आईला, आजीला मुलांनी आवर्जून सांगावं. गर्भवतीचा दाब १४०/९० झाला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे बाई आणि बाळ दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो.

आकडा अचानक फार चढलेला दिसला, पण त्रास काहीच नाही, तर शांत बसून पुन्हा मोजावं, चुकलेली गोळी आठवावी आणि डॉक्टरांशी बोलावं. दाब झटकन उतरवायला कुणी सांगितलं म्हणून जिभेखाली औषध फोडू नये. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका हाता-पायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, यातलं काही दिसलं तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा.

हे सगळं खर्चाचं काम आहे असं वाटू शकतं, पण तसं नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये ज्या जिल्ह्यांपासून सुरू झाला त्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. तिथली पद्धत साधी होती: ठरलेली मोजकी औषधं, महिनाभराच्या गोळ्या एकदम, गावाजवळच्या केंद्रात, आणि जो तारखेला आला नाही त्याची चौकशी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा दाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी औषध चालू होतं. म्हणजे चारपाच जणांत एक.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा दाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मोजला जातो, गोळ्याही तिथे मोफत मिळतात. या आठवड्यात घरातल्या सगळ्यांचा दाब मोजून घ्या, आणि सगळ्यांचं पथ्य सांभाळून स्वयंपाक करणारी जी बाई स्वतःला कधी मोजून घेत नाही, तिचा सर्वात आधी. ज्यांनी गोळी मध्येच सोडली आहे, त्यांनी कुणी रागावेल या भीतीने घरी बसू नये. जुनी चिठ्ठी सापडली नाही तरी चालेल, उद्याच जाऊन डॉक्टरांना भेटावं.